साखर उतरली तरी इन्सुलिनचा पंप चालूच, वर ग्लुकोजची बाटली! बरोबर आहे का हे?

बारामतीकर: धाकट्या भावाला टाइप १ डायबेटिस आहे. उलट्या होत होत्या, तर "जेवतच नाही, मग इंजेक्शन कशाला" म्हणून त्याने इन्सुलिनच घेतलं नाही. काल रात्री आयसीयूत दाखल केलं. साखर ४८६, कीटोन वाढलेले. पंपावर आधी ६.० दिसत होतं, आता साखर २२० झाल्यावर ३.० केलंय, आणि सोबत ग्लुकोज लावलंय. साखर कमी करायचीय की वाढवायचीय?

रमतगमत: डायबेटिसवाल्याला ग्लुकोज? दवाखाना बदला आधी.

नाइट ड्यूटी: रमतगमत, असले सल्ले नका देऊ हो. दादा, उपचार बरोबर चाललेत. मी आयसीयूत सिस्टर आहे. भाऊ साठेक किलोचा असेल ना? सुरुवातीला किलोमागे ताशी ०.१ युनिट धरतात. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन, बाकी सलाईन, म्हणजे मिलीला एक युनिट. पंपावरचे ६.० म्हणजे तासाला ६ युनिट.

यात साखरेपेक्षा धास्ती असते ती रक्तातल्या आम्लाची, म्हणजे चरबी जळून साचणाऱ्या कीटोनची. कीटोन थांबवायला इन्सुलिनच लागतं, आणि साखर आधी उतरते, आम्ल मागाहून. आत्ता इन्सुलिन बंद केलं तर कीटोन परत वाढतील. नुसतं चालू ठेवलं तर साखर फार खाली जाईल. म्हणून सोबत ग्लुकोज.

आमचा खरा जीव टांगणीला असतो तो सिरिंज भरताना. इन्सुलिनच्या वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, दोन प्रकारच्या येतात, मिलीला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. ५० युनिटला ४० च्या वायलमधून सव्वा मिली काढायचं, १०० च्या वायलमधून अर्धाच. लाल टोपीची सिरिंज ४० ला, केशरी १०० ला. दोघी जणी वायल मोठ्याने वाचतो, मगच लेबल. पहिलं थोडं औषध नळीतून वाहू देऊन टाकतो, कारण इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. नातेवाईक ओरडतात, "महागाचं औषध सांडता!"

बारामतीकर: हायसं वाटलं ताई. पण बाटलीत पोटॅशियमही घातलंय. आणि घरी ग्लार्जिनचं, म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचं, पेन आहे, ते आणून देऊ का?

डॉ. कोकणी: इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं, रक्तातलं घटतं, आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ३.३ च्या खाली असेल तर आम्ही इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम देतो. ग्लार्जिन शिरेतून देत नाहीत, त्वचेखालीच. पंप काढायच्या साधारण दोन तास आधी ते टोचावं लागतं, कारण शिरेतल्या इन्सुलिनचा असर काही मिनिटांतच ओसरतो. पेन आणा, पण सिस्टरांच्या हाती द्या. भावाला परस्पर टोचू देऊ नका.

नाइट ड्यूटी: आणि राउंडला एवढंच विचारा, "बायकार्बोनेट किती झालं?" ते वाढलं म्हणजे आम्ल उतरतंय. साखर तर तासातासाची चार्टवर लिहिलेली असतेच.