भाषाध्यापन आणि साहित्याभ्यास यांची फारकत नको

भाषा शिकवण्यात वेळ गेला की साहित्य-संशोधन मागे पडते, म्हणून जर्मनच्या अभ्यासकाने आरंभीच दोहोंपैकी एक वाट धरावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. वेळेची ओढाताण खरी आहे, तरीही हा सल्ला मला पटत नाही. जर्मनमध्ये काही क्रियापदांचा उपसर्ग सुटून वाक्याच्या शेवटी जातो: ‘ह्योरेन’ म्हणजे ऐकणे, पण शेवटी ‘आउफ’ आला की त्याच क्रियापदाचा अर्थ ‘थांबणे’ होतो. नवख्यांना हे शिकवताना शेवटच्या शब्दापर्यंत अर्थ राखून ठेवण्याची जी सवय लागते, तिच्यामुळेच लांब वाक्यांचे गद्य वाचताना लेखकाने अर्थ कोठे रोखून धरला आहे हे जाणवू लागते. माझ्या मते ही साहित्यसमीक्षेचीच पूर्वतयारी आहे.

या सल्ल्यामागे नोकरीच्या स्थैर्याबद्दलची जी काळजी असते, ती मात्र रास्त आहे. जर्मनीत 2007 च्या कायद्याने विद्यापीठांतील मुदतबंद नेमणुकांना साधारणपणे पीएचडीपूर्वी 6 आणि नंतर 6 वर्षांची मर्यादा घातली. प्राध्यापकपदासाठी पूर्वापार लागणारा ‘हाबिलिटात्सिओन’ हा दुसरा मोठा प्रबंधही याच काळात लिहावा लागतो. (2002 पासून कनिष्ठ प्राध्यापकपदाचा पर्याय आहे, पण अशा जागा मोजक्याच.) उलट ‘परभाषा म्हणून जर्मन’ ही तेथे स्वतंत्र विद्याशाखा असल्यामुळे अध्यापनाचा अनुभव तिच्यात संशोधनाचा विषय ठरू शकतो. म्हणून साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनीही वर्गात साहित्यकृती कशी वाचली जाते, यावर एखादे प्रकरण जरूर लिहावे.