विमानातले मास्क खाली पडले तर 12 मिनिटांनंतर काय?

केळीवाला_रावेर
आमच्या आप्पांना पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच विमानाने न्यायचंय, मुंबईहून दुबईला ताईकडे. आणि कोणीतरी नेमका त्यांच्या व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ टाकला, वरून पिवळे मास्क लोंबकळताय, लोक रडताय आणि विमान खाली खाली चाललंय. तेव्हापासून एकच धोशा, मी रेल्वेनेच येतो. आता दुबईला रेल्वे कुठून आणू? तर कोणी जाणकार असेल तर सांगा, हवेचा दाब गेला की पायलट विमान एवढं खाली का घेतो, आणि मास्कमध्ये 12-15 मिनिटंच ऑक्सिजन असतो हे खरं का? ते संपल्यावर माणसाने काय करायचं?

भुसावळ_लोको
काही होत नाही भो. खिडकीपाशी बसवा, झोपून जातील.

गोंदूर_रनवे
धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर शिकलो, आता एअरबसवर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, कंपनीचं नाव विचारू नका. 12-15 मिनिटं खरं आहे, काही विमानांत थोडं जास्त असतं. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: विमान खाली घेतो म्हणूनच तेवढा ऑक्सिजन पुरतो.

विमान 35,000 फुटांवर असतं तेव्हा आतला दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवर असल्यासारखा ठेवलेला असतो, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच (ती 5,400) पण धडधाकट माणसाला सहन होईल इतका. तो दाब गेला आणि आतली हवा 14,000 फुटांवरच्याइतकी विरळ झाली की मास्क आपोआप पडतात. आतली हवा एकदम 35,000 फुटांवरच्याइतकी विरळ झाली तर माणूस 30 ते 60 सेकंदच शुद्धीवर राहून काही करू शकतो, म्हणून आधी स्वतःचा मास्क आणि मग पोराचा, उलटं केलं तर दोघंही जाल. आम्हीही तेच करतो, पहिला मास्क स्वतःला, मग दुसऱ्या पायलटचं ऐकू येतंय का बघायचं, मग पॉवर आयडलला (इंजिनाचा जोर अगदी कमी), स्पीडब्रेक (पंखावरच्या वेग रोखणाऱ्या पट्ट्या) वर आणि नाक खाली. 10,000 फुटांपर्यंत यायला पाच-सहा मिनिटं धरा, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. मधे ट्रान्सपाँडरवर (रडारला आपली ओळख देणारं यंत्र) 7700 हा आणीबाणीचा कोड टाकतो, कंट्रोलला मेडे म्हणजे मदतीची हाक देतो, आणि या सगळ्यात प्रवाशांशी बोलायला उशीर होतो, मास्कमधून आवाजही घोगरा येतो. केबिनमध्ये लोकांना वाटतं पायलट गप्प म्हणजे संपलं सगळं, अरे बाबा हात रिकामा नसतो.

सातपुडा_पायी
आणि खाली डोंगर असला तर?

गोंदूर_रनवे
सातपुड्याची काळजी नाही, धूपगडसुद्धा साडेचार हजाराच्या आत. हिमालयावर मात्र थेट 10,000 ला येता येत नाही, तिथे कुठून वळून बाहेर पडायचं ते आधीच ठरवलेलं असतं आणि ऑक्सिजनचा हिशोबही त्याप्रमाणेच धरलेला असतो. आणि जळगावहून उडते ती एटीआर (पंख्याचं छोटं विमान), तिच्यात बहुतेक वरून पडणारे मास्कच नसतात, ती 25,000 च्या वर जातच नाही.

चोपडा_मास्तर
मला एक कळत नाही, पायलटलाच कळलं नाही तर?

गोंदूर_रनवे
मास्तर, खरी भीती तीच. धडाम करून दाब गेला तर सगळ्यांना कळतं, केबिनमध्ये क्षणभर धुकं होतं, कान फुटायला येतात. हळूहळू गेला तर माणसाला उलट बरं वाटायला लागतं, डोकं चालेनासं होतं आणि तेच लक्षात येत नाही. 14 ऑगस्ट 2005 ला सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं हेलिऑस एअरवेजचं बोइंग 737, मेंटेनन्सवाल्यांनी चाचणीनंतर प्रेशरचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर सोडला, म्हणजे दाब आपोआप राखला जाईना, आणि पायलटांच्या तपासणीत तो निसटला. वर जाताना भोंगा वाजला पण त्याच आवाजाचा भोंगा टेकऑफच्या चुकीच्या सेटिंगलाही वाजतो, त्यांना तोच वाटला. त्या नादात दोघं बेशुद्ध झाले, ऑटोपायलट विमान फिरवत राहिला, शेवटी इंधन संपलं. 121 जण गेले. म्हणून आम्हाला रटवून रटवून शिकवतात की भोंगा वाजला की आधी मास्क, कारण नंतर शोधायचं.

केळीवाला_रावेर
हे शेवटचं आप्पांना सांगत नाही 😅 बाकी वाचून दाखवलं तर म्हणे मास्कला लावलेली पिशवी फुगली नाही तर काय, आणि टोपी काढायची का?

केबिनवाली_नंदुरबार
पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, त्यांना ते पक्कं सांगून ठेवा दादा, लोक तेवढ्यासाठी मास्क काढून टाकतात. मास्क आपल्याकडे जोरात ओढायचा, ओढल्याशिवाय सुरूच होत नाही. बहुतेक विमानांत ऑक्सिजन वरच्या डब्यात केमिकलने तयार होतो, डबा तापतो, जळाल्यासारखा वास येतो, ती आग नसते. नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं. टोपी काढलेली बरी, इलास्टिक डोक्यामागून घ्यायचं असतं, टोपीवरून सरकतं. आणि पट्टा पूर्ण प्रवासात बांधलेलाच ठेवा. त्या दिवशी सर्दीने कान-नाक चोंदलेलं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, साध्या लँडिंगलाच कान इतके दुखतात की आजोबा लोक रडकुंडीला येतात.