गावची शाळा नेमकी कोणासाठी? लोकवर्गणीच्या खर्चावरून निघालेला प्रश्न

प्रश्न : एक पालक, जिंतूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. यंदा सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर गावाने शाळेसाठी लोकवर्गणी गोळा केली. रक्कम फार मोठी नाही, पण ती कशावर खर्च करावी यावरून समितीत सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) आणि शिष्यवृत्ती परीक्षांसाठी बाहेरून एक शिक्षक मानधनावर आणावा, सराव प्रश्नपत्रिकांचे संच घ्यावेत आणि हुशार मुले निवडून त्यांचे सकाळ-संध्याकाळ जादा तास घ्यावेत. दुसऱ्या तटाला सगळ्याच मुलांना हाताळता येतील अशी पुस्तके आणि थोडेफार प्रयोगसाहित्य हवे आहे. 'एक लेकरू जरी नवोदयला लागलं तरी गावाचं नाव होतं,' असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, तेव्हा मागे बसलेल्या एका आईने 'आन् राहिलेल्या लेकरांनी काय करावं?' असे विचारले. त्यावर कोणालाच काही बोलता आले नाही आणि बैठक तहकूब झाली.

नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलांना प्रवेश मिळतो आणि त्यासाठी साऱ्या जिल्ह्यातून अर्ज येतात. म्हणजे आमच्या शाळेतील बहुसंख्य मुले त्या वाटेने जाणार नाहीत, हे गृहीत धरूनच विचार करायला हवा. दुसरीकडे, जी मुले बारावीपर्यंत शिकून गावातच राहिली, त्यांच्या शिक्षणाचा गावाला काय उपयोग होतो हेही मी पाहतो. नुकतीच आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका मिळाली. तिच्यात सामू (pH) ८.२ असा लिहिलेला होता. त्यांच्या विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलाने सामूची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, मात्र ८.२ हा आकडा आपल्या काळ्या रानासाठी बरा की वाईट आणि पिकाची पाने पिवळी पडण्याशी त्याचा काही संबंध असेल का, हे त्याला सांगता येईना. पत्रिका घडी घालून पुन्हा पिशवीत गेली आणि खताची निवड नेहमीप्रमाणे दुकानदाराने केली.

गावातून बाहेर पडू शकणाऱ्या मोजक्या मुलांना शिडी लावून देणे हे शाळेचे काम, की गावात राहणाऱ्या सर्वांना शहाणे करणे हे? दोन्ही, असे उत्तर सोपे आहे, पण वर्गणी एकच आहे आणि ठराव पुढच्या बैठकीत करायचा आहे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

आपला प्रश्न नवा नाही. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी नेमका असाच हिशेब मांडला होता. सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टांतून जमा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. ग्रामीण शाळांत काय शिकवावे हे सांगताना लेखन-वाचन आणि हिशेबाच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य यांचाही त्यांनी समावेश केला होता. आपल्या समितीतील वर्गणी सगळ्या घरांची आहे. तिचा लाभ निवडक मुलांना देताना हा जुना हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

तथापि, परीक्षा आणि पदवी यांना मी तुच्छ लेखणार नाही, कारण आपल्या भागाचा इतिहास तसे करू देत नाही. निजामी राजवटीत हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे, त्यामुळे मराठी घरातील मुलाला वरच्या शिक्षणासाठी आधी भाषेची भिंत ओलांडावी लागे. अशा काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि आमच्या गावची योगेश्वरी शाळा उभ्या राहिल्या. या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले आणि तेथूनच पुढे मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. १९३८ मध्ये वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरील बंदी मोडली म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. या घटनेचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. ती मुले नागपूरला गेली ती शिक्षण पुरे करण्यासाठीच गेली. राज्यसत्तेला प्रश्न विचारण्याची हिंमत आणि पदवीची निकड एकाच मुलात एकाच वेळी नांदू शकते, त्यामुळे आपल्या समितीतील दोन तट मला तेवढे परस्परविरोधी वाटत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मागासलेल्या मराठवाड्यातील ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पोचले नव्हते, त्या घरांतील मुले तेथे आली, नोकरीलाही लागली आणि चळवळीतही उतरली.

आता व्यवहाराचे बोलतो. पुस्तके घ्यावीत असे माझे मत आहे, परंतु नुसत्या खरेदीने काही होत नाही. आपल्या शाळांत पुस्तके डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढली की कपाटात बंद होतात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात जाते. पुस्तक हरवले तर तपासणीच्या वेळी भरपाई कोणी करायची, या धास्तीने शिक्षक ते मुलांच्या हाती देतच नाहीत. म्हणून खरेदीच्या ठरावातच अशी नोंद करून घ्या की, ही पुस्तके घरी नेण्यासाठी आहेत, आणि फाटलेल्या व हरवलेल्या प्रती दरवर्षी निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्यासाठी, प्रस्तावित केल्या जातील. एवढी एक ओळ लिहिली नाही, तर आपली लोकवर्गणी कपाटातच पडून राहील.

उत्तर २ : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. 'शिक्षण परीक्षेपुरते नसते' हे वाक्य बहुधा ज्यांची परीक्षा केव्हाच पार पडली आणि ज्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले, त्यांच्या तोंडून ऐकू येते. (गुरुजी, हे आपल्याला उद्देशून नाही. आपण पदवीची बाजूही मांडली आहे.) ज्या घरात कोरडवाहू दोन एकर आणि वाटेकरी भाऊ तीन, त्या घरासाठी नवोदयची निवडयादी ही शोभेची गोष्ट नसते. त्या मुलाच्या जेवणाची, राहण्याची आणि बारावीपर्यंतच्या शिक्षणाची सोय तिथे होते.

मराठवाड्याच्या बाबतीत तर शिक्षण आणि नोकरी यांची सांगड खुद्द राज्यनिर्मितीच्या वाटाघाटीतच घातलेली आहे. १९५३ च्या नागपूर करारात तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणातील प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या यांत विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य झाले होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्यसेवेत पुरेशी संधी हे शब्द शेजारी शेजारी येतात. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० चे विभागवार सूत्र (७० टक्के जागा महाविद्यालयाच्या विभागातील विद्यार्थ्यांना) २०२० साली रद्द होईपर्यंत इथल्या पालकांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला, कारण आपल्याकडे महाविद्यालयेच कमी होती. लातूर पॅटर्नला, म्हणजे लातूरच्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीला, घोकंपट्टी म्हणून हिणवणाऱ्यांनी ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. दारे कमी असली की गर्दीतून वाट काढण्याचे तंत्र लोक शिकतातच.

मात्र 'निवडक मुले' या शब्दाला माझाही विरोध आहे. नवोदयच्या चाचणीत बौद्धिक क्षमता, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात. यातील एकही भाग असा नाही की जो वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाला उपयोगी पडणार नाही. उताऱ्याचे आकलन आणि शेकडेवारी ही ज्याची त्याला लागतेच, मग तो नवोदयला लागो अथवा न लागो. तेव्हा मानधनावरील शिक्षक आणा, पण तास संपूर्ण वर्गाचा घ्या आणि निवड परीक्षेला करू द्या. समितीने ती आधीच करण्याचे कारण नाही.

उत्तर ३ : शिक्षिका, बीड जिल्हा

दादा, आपल्या प्रश्नात जाणारी मुले आणि राहणारी मुले असे दोनच प्रकार आहेत. दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांबरोबर साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडावर जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येणारी मुले यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाहीत. आपल्या भागातील तांड्यांवरही अशी कुटुंबे असतील. मी स्वतः ऊसतोड कामगारांची मुलगी आहे आणि आजीजवळ राहिले म्हणूनच शिकू शकले.

शिक्षणाने काय साधते, हे मी पहिल्यांदा मुकादमाच्या (तोडणीची टोळी नेणाऱ्याच्या) वहीत पाहिले. वडील उचल (आगाऊ रक्कम) घेत, हंगामभर टनावर तोडणी करत आणि शेवटी मुकादम सांगेल तेवढी बाकी अंगावर घेऊन घरी येत. मी सातवीत असताना त्यांनी जपून ठेवलेल्या वजनाच्या पावत्या आणि मुकादमाचा हिशेब समोरासमोर ठेवून बेरीज केली. दोन्हींत फरक निघाला. मुकादमाने आधी आवाज चढवला, नंतर वही पुन्हा तपासली आणि काही रक्कम कमी केली. पुढच्या हंगामापासून टोळीतील इतर बायकाही पावत्या सांभाळून ठेवू लागल्या. त्यांतील एकीलाही वाचता येत नव्हते, पण बेरीज होते आणि ती पडताळता येते, हे त्यांना कळले होते.

मुलींबाबत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यामुळे मुलगी वयात आली की लग्न उरकून जोडी तयार करण्याची घाई होते. मुलीला मागे ठेवावे तर सांभाळणार कोण, हाही प्रश्न असतोच. शाळा सुरू आहे आणि हंगामी वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळते आहे, एवढ्या कारणावर घाईची किती तरी लग्ने लांबतात. अशा मुलीच्या दृष्टीने शिक्षणाचा हेतू काय, या चर्चेला फारसा अर्थ नसतो. तिचे नाव हजेरीपटावर आणि ती स्वतः वर्गात असणे हेच आधी साधावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी की, वर्गणीतील काही भाग वेगळा ठेवावा. हंगामी वसतिगृहाला मंजुरी मिळते, परंतु अनुदान हाती पडेपर्यंत किराणा कोणी भरायचा, या प्रश्नावर मुले फडावर निघून जातात. तेवढे पहिले काही आठवडे निभावून नेले तर मुले टिकतात.

पुन्हा प्रश्नकर्ता : एक पालक, जिंतूर तालुका

सर्वांचे आभार. ताईंच्या उत्तरानंतर मी हजेरीपट पाहिला. दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या तांड्यावरील मुलांच्या नावांपुढे सलग गैरहजेरी आहे आणि समितीच्या एकाही बैठकीत त्यावर चर्चा झालेली नाही. त्या कुटुंबांतील एकही पालक समितीवर नाही. कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, ते आमच्याकडे आहेत, पण सगळे गावठाणातले.

पुढच्या बैठकीत मी असा प्रस्ताव ठेवणार आहे की, पहिली रक्कम फडावर जाणाऱ्या मुलांच्या जेवणासाठी राखून ठेवावी, जादा तास संपूर्ण वर्गाचे घ्यावेत आणि उरलेल्या पैशांतून पुस्तके आणावीत. मानधनाचा आकडा त्यामुळे बराच खाली येईल आणि नवोदयच्या बाजूचे सदस्य नाराज होतील, हे दिसतेच आहे. बैठक तांड्यावर घ्यावी, अशीही माझी इच्छा आहे. सरपंचांना अजून विचारलेले नाही. गुरुजींना एक विनंती : निर्लेखनाबाबतचा तो ठराव नेमक्या कोणत्या शब्दांत लिहावा, याचा मसुदा आपण येथे दिला तर मी तो जसाच्या तसा इतिवृत्तात घेईन.