नवरात्रापासून अंडी कमी, दिवाळीपासून एकही नाही. कोंबड्या आजारी असतील का?

धायरीची_परसबाग

नमस्कार. धायरीत आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथं सहा कोंबड्या आहेत. तीन गावरान, दोन आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) क्रॉस आणि एक कावेरी जातीची. पावसाळाभर रोज तीन-चार अंडी मिळत होती. नवरात्रानंतर कमी होत गेली आणि दिवाळीच्या आठवड्यापासून तर एकही नाही.

आरआयआरच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसं गेली आहेत, खुराड्यात सकाळी नुसता पिसांचा सडा असतो. एक गावरान दिवसभर अंडी घालायच्या खोक्यात बसून असते, हात नेला की फुगते आणि चोच मारते. बाकीच्या हिंडतात, खातात, पितात. सकाळी लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) घालते, दुपारी उरलेला भात, पोळी, भाजीची देठं. आरआयआर आणि कावेरी साधारण दीड वर्षाच्या आहेत, गावरान थोड्या मोठ्या.

दुकानदार कॅल्शियमचं टॉनिक घ्या म्हणतो. शेजारचे काका म्हणतात यांचं वय झालं, कापून टाका. मुलीनं सगळ्यांना नावं ठेवलीत, त्यामुळे कापायचा विषयच नाही. पण कुठला आजार असेल तर वेळेत कळायला हवा. कुणाला अनुभव आहे का?

वारजे_टेकडी

दिवसभर मोकळ्या असतात का? मग अंडी दुसरीकडं घालत असतील. अडगळ, कुंड्यांच्या मागं, पाण्याच्या टाकीखाली, सगळीकडं बघा. आमच्याकडं टेकडीवरून मुंगूस येतं. ते अंडं फोडून खातं आणि टरफलं टाकून जातं. साप मात्र अख्खं गिळतो, मागं काही राहत नाही. थोडे दिवस दुपारी दोनपर्यंत खुराड्यातच ठेवून बघा. बहुतेक कोंबड्या तोवर अंडं घालून मोकळ्या होतात.

मांजरीची_मावशी

ताई, कापायचं मनातून काढलंत ते बरं केलंत. दीड वर्षाची कोंबडी म्हातारी नसते. पहिल्या वर्षी ती सगळ्यात जास्त अंडी देते, पुढं दर वर्षी थोडी थोडी कमी होतात, पण कोंबडी चांगली ठेवली तर ती पुढंही कित्येक वर्षं अधूनमधून अंडी देत राहते.

टॉनिकही आत्ता घेऊ नका. सगळ्या कोंबड्या एकाच कारणानं बंद झाल्यात असं धरून चाललं की माणूस एकच औषध शोधत बसतो. तुम्ही जे लिहिलंय त्यातच मला निरनिराळी कारणं दिसतायत. म्हणून एकेक कोंबडी हातात घेऊन बघा.

बघायची वेळ रात्रीची. काठीवर बसल्या की उजेड मंद ठेवून उचलायच्या, धडपडत नाहीत. शेपटीखाली, अंडं बाहेर येतं त्या जागेच्या दोन्ही अंगांना दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी बसली, आणि ती जागा ओलसर, मऊ, रुंद असली, की कोंबडी अंड्यावर आहे, म्हणजे अंडी देतेय. मग तिचं अंडं तुमच्या हाती लागो न लागो. एकच बोट कसंबसं मावत असेल, जागा कोरडी आणि आवळलेली असेल, तुरा फिका पडून आक्रसला असेल, तर ती बंद आहे. तिथंच पिसं फुंकून कातडी बघा, उवा असतील तर पिसांच्या बुडाशी पळताना दिसतात. काठीच्या टोकांना आणि फळ्यांच्या फटींतही बॅटरी मारा. तांबडे बारीक किडे दिवसा तिथं लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. पांढरं फडकं काठीवरून फिरवलं आणि त्याला रक्ताचे डाग लागले तर ते आहेत म्हणून समजा. त्यांच्यानंही अंडी आटतात, आणि दिवसा कितीही शोधलं तरी कोंबडीच्या अंगावर ते दिसत नाहीत.

आता तुमच्या आरआयआर. त्या पिसं टाकतायत. वर्षातून एकदा हे व्हायचंच, आणि दिवस लहान व्हायला लागले की होतं. कोंबडीची अंडी उजेडावर चालतात. उजेड तिला डोळ्यांतून तर कळतोच, शिवाय कवटीतून आत मेंदूपर्यंतही पोचतो. भरात राहायला तिला साधारण १४ तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्या पुण्यात दिवस असतो ११ तासांचा. म्हणजे नवरात्रापासून अंडी उतरली यात काही आक्रीत नाही. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. एकाच वेळी अंगभर पिसं उगवायची आणि अंडीही द्यायची, हे तिला झेपत नाही. दोन-तीन महिने तिचे पिसांचे. मानेवर हात फिरवून बघा, नव्या पिसांचे टोकदार कोंब लागतील. ते कोंब रक्तानं भरलेले असतात आणि दाबले की तिला दुखतं, म्हणून या दिवसांत तिला उगाच उचलू नका, मुलीलाही सांगा.

खाण्याकडं मात्र लक्ष द्या. लेयर मॅशमध्ये १६ ते १८ टक्के प्रोटीन असतं, पण दुपारी भात-पोळीनं पोट भरलं की त्या मॅशचा उपयोग अर्धा होतो. भात-पोळी मूठभरच ठेवा आणि तीही संध्याकाळी, मॅश खाऊन झाल्यावर. पिसं झडायच्या दिवसांत मी थोडी शेंगदाण्याची पेंड आणि धुऊन वाळवलेली सुकट घालते. न धुता घालू नका, मीठ फार असतं. पेंडीला बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या.

कॅल्शियमचं म्हणाल तर एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यामुळे अंड्यावरच्या कोंबडीला ते लागतंच. पण बंद असलेल्या कोंबडीला जास्तीचं कॅल्शियम पाजून ती सुरू होत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल.

खोक्यातली गावरान खुडूक बसलीय. तिला पिल्लं काढायची आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही टप्प्याटप्प्यानं. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक, हा तिचा स्वभावच आहे. पिल्लं हवी असतील तर कुणाकडून फळलेली अंडी आणून खाली ठेवा, २१ दिवसांत पिल्लं. नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पिंजरा विटांवर उचलून, म्हणजे खालून वारा लागेल. दाणा-पाणी समोर ठेवायचं. पोटाखालची ऊब गेली की तिचं बसणं सुटतं. काही लोक पाण्यात बुडवतात, पायाला दोरी बांधतात. तसलं काही करू देऊ नका कुणाला. फार वाईट वाटतं बघायला, आणि थंडीत कोंबडी दगावू शकते.

राहिलेल्या तिघी रात्री हातानं बघून कळवा.

औंध_ब्रेमेन_चौक

मावशींनी नीट सांगितलंय. आजाराबद्दल थोडं. हिरवट-पांढरी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, मान वाकडी होणं, एकदम दोन-तीन कोंबड्या मलूल होणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते, तीत अंडी एकाएकी बंद होतात. लसीकरण कधी झालंय तेही बघून ठेवा. कोंबडी दगावलीच तर औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथं चौकशी करा. तुमच्याकडं खातात-पितात म्हणताय, त्यामुळे तसं वाटत नाही. फटाक्यांचाही परिणाम असतो. घाबरलेल्या कोंबड्या काही दिवस अंडी देत नाहीत.

धायरीची_परसबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी आणि मुलीनं मिळून बघितल्या. आरआयआरना मानेवर कोंब लागले, लगेच खाली ठेवल्या. राहिलेल्या दोन गावरान बंद आहेत, एकच बोट मावतं, तुरे फिके. हगवण नाही, उवा नाहीत, फडकंही स्वच्छ निघालं. कावेरीला मात्र तीन बोटं बसली! तुरा लालभडक. आज सकाळी तिच्या मागावर राहिलो. कुंपणाला टेकून ठेवलेल्या जुन्या पत्र्याच्या मागं शिरली, तिथं अंड्यांचा ढीग आहे. पोरगी नाचतेय. ती अंडी खायला चालतील का? आणि बाकीच्यांसाठी दिवा लावावा का?

मांजरीची_मावशी

वा! आजचं अंडं कोमट असेल, ते खा. बाकीची पाण्यात घालून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्या. उभी राहिलेली घ्यायचीच असतील तर एकेक वेगळ्या वाटीत फोडा आणि पूर्ण शिजवा. तडा गेलेलं एकही घेऊ नका. पत्रा आजच काढा आणि तिला थोडे दिवस दुपारपर्यंत आत ठेवा. खोका खुडूक कोंबडीनं अडवला म्हणूनही ती बाहेर गेली असेल, तेव्हा दुसरा खोका ठेवा, अंधाऱ्या कोपऱ्यात, पेंढा घालून, आणि त्यात एक प्लास्टिकचं अंडं.

दिव्याचं म्हणाल तर पिसं झडणाऱ्या कोंबड्यांना मी लावत नाही. त्यांना पिसं पुरी करू द्या. संक्रांतीच्या पुढं दिवस वाढतो, तशा त्या आपोआप तुऱ्याला लाल होतात. त्या दोन गावरानही तेव्हाच येतील बहुतेक. लावायचाच असेल तर पिसं भरल्यावर लावा, पिवळ्या उजेडाचा लहान बल्ब, वर्तमानपत्र वाचता येईल इतपत. लावायचा तो पहाटे. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर त्यांना काठी सापडत नाही, अंधारात खालीच बसून राहतात. दर आठवड्याला अर्धा तास असा वाढवत १४ तासांपर्यंत न्या, आणि टायमर लावा. एक दिवस लावला, एक दिवस विसरला, असं झालं तर पुन्हा पिसं टाकायला लागतील.

खुडूक कोंबडीचं काय ठरवलंत? पिल्लं काढणार असाल तर मांजरीला या. माझ्याकडं कोंबडा आहे, अंडी देते.