मदत हवी आहे : नाताळच्या पार्टीसाठी खेळ सुचवा (मुलं ३५-४०, वय ५ ते १४, सोलापूर)

नमस्कार मंडळी, आमच्या चर्चमधल्या संडे स्कूलच्या पोरांची नाताळची पार्टी आहे, नाताळ झाल्यावर दोन दिवसांनी, दुपारी ४ ते ६, आणि यंदा खेळांचं काम माझ्या गळ्यात आलंय. मुलं ३५-४० होतील, सुट्टीला आलेली मामा-मावशीची पोरंही येतात त्यामुळे नक्की आकडा कोणीच सांगत नाही. वय ५ ते १४, आणि खरी अडचण हीच आहे बघा. पाच वर्षांच्याला डंब शराज कळत नाही आणि आठवीतल्यांना तळ्यात-मळ्यात म्हटलं की ते तोंड वाकडं करून मोबाईल काढतात.

दरवर्षी तेच ते, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पार्सल फिरवणे. संगीत खुर्चीत पहिल्या पाच मिनिटांत निम्मी पोरं आउट, मग ती आउट झालेली काय करणार, स्टेजवर चढून माइकमध्ये फुंकतात, एकमेकांना ढकलतात, आणि उरलेल्या चौघांचा खेळ बाकीच्यांनी बघत बसायचं. म्हणून माझी अट एकच, कोणी आउटच होणार नाही असे खेळ हवेत.

हॉल मध्यम आहे, बाहेर थोडं अंगण. बजेट बक्षिसं धरून दोन हजार. मदतीला तरुण संघातले चार-पाच जण. पाण्याचे खेळ प्लीज सुचवू नका, नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, ते फुग्यात भरून फोडलं तर पोरांच्या आया मला फोडतील. आणि पोरं घरी मराठी, तेलुगू, कन्नड सगळं बोलतात, त्यामुळे म्हणी-कोडी असलं भाषेवरचं फार नको.

शेंगापोळी :
संगीत खुर्ची टाकून देऊ नका ओ, फक्त उलटी करा. गाणं थांबलं की खुर्ची काढायची, पोरगं नाही. दहा जण दहा खुर्च्या, मग नऊ, आठ, सात असं करत शेवटी चार खुर्च्यांवर दहाच्या दहा जणांनी बसायचं, मांडीवर बसा, कडेला टेका, एकमेकांना धरून उभे राहा, कसंही, पण कोणाचा पाय जमिनीला लागला की गट पुन्हा पहिल्यापासून. मोठी पोरं आपोआप बारक्यांना उचलून घेतात. प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र नकोत, पाय फाकतात. लोखंडी नसतील तर खाली जुने पेपर पसरा आणि दर वेळी निम्मे दुमडा, तसंही चालतं.

चाटीगल्ली :
सोलापुरात राहून चादर कोणालाच सुचंना का बे? डबल चादरीच्या कडा आठ-दहा पोरांनी धरायच्या, मधे हलका प्लास्टिकचा बॉल, सगळ्यांनी मिळून उडवायचा आणि परत चादरीतच झेलायचा. जमायला लागलं की समोर दुसरा गट दुसरी चादर घेऊन, ह्यांच्या चादरीतून त्यांच्या चादरीत. एकट्याने जोर लावला की बॉल भलतीकडेच जातो, म्हणून "एक, दोन, तीन" ओरडायला एक बारकं पोरगं ठेवा, लई भाव खातं ते. चादर वापरून मऊ झालेलीच घ्या, नवी कडक असते, बोटांतनं सुटते.

अजून एक, हा पहिला घ्या. दोघांनी चादर पडद्यासारखी आडवी धरायची, दोन्ही बाजूंना टीम खाली बसलेली. प्रत्येक टीममधला एकेक जण गुपचूप चादरीला नाक लावून बसतो. चादर खाली टाकली की जो समोरच्याचं नाव आधी घेईल तो त्याला आपल्याकडे ओढून नेतो. कोणी आउट नाही, नुसती टीम बदलते, आणि पाहुणी पोरं कोण कोणाची तेही सगळ्यांना कळतं. त्याआधी एक राउंड सगळ्यांची नावं मोठ्याने घ्या, नाहीतर "ए चष्मा" "ए लाल शर्ट" सुरू होतं.

धागाकर्ती :
नावांचा खेळ भारीच! फुगे फोडायचा एखादा खेळ ठेवू का? बारक्यांना तो आवडतो.

कंबरतलाव :
ताई, फुगे ठेवा पण फुटलेले तुकडे लगेच गोळा करायला एक माणूस तिथेच उभा करा, बारकी पोरं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात. लिंबू-चमचा ठेवलात तरी चमचा हातात द्या, तोंडात धरून पळू देऊ नका.

नाताळचं काही हवंय का? मग चूक-बरोबर घ्या. हॉलची एक भिंत बरोबर, समोरची चूक, तुम्ही वाक्य बोलायचं आणि पोरांनी पळायचं. भाषेचं टेन्शन असेल तर तरुण संघातला कोणीतरी तेच वाक्य तेलुगूत म्हणेल. "येशूला भेटायला मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) तीनच आले असं बायबलमध्ये लिहिलंय" हे विचारा, मोठेसुद्धा फसून 'बरोबर'च्या भिंतीला जातात. मत्तयाच्या २ऱ्या अध्यायात भेटी तीन आहेत, सोने, ऊद आणि गंधरस, माणसं किती ते लिहिलेलंच नाही. चुकलेल्यांनी मेंढीसारखं बें बें करत मधे यायचं आणि पुढचा प्रश्न. पोरं मुद्दाम चुकतील ते वेगळं.

शेंगापोळी :
आणि आठवीतल्यांना खेळाडू करूच नका, गटप्रमुख करा. शिट्टी द्या हातात, मोबाईल आपोआप खिशात जातो. बक्षीस पण एकाला मोठं असं नको, गटाला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा द्या, आपसात वाटून खातील.

धागाकर्ती :
सगळ्यांचे खूप आभार ओ. आधी नावांचा खेळ, मग चादर-बॉल, मधे खाऊ आणि चूक-बरोबर, शेवटी उलटी खुर्ची असं धरतेय. वड्या घरीच करते. चादरी सहा लागतील, घरून चार निघतील, त्यातल्या दोन आई पाहुण्यांसाठी ठेवल्यात म्हणते. अक्कलकोट रोडला सेकंडच्या चादरी स्वस्तात कुठे मिळतात? कोणाच्या ओळखीत कारखाना असेल तर मेसेज करा.

चाटीगल्ली :
विकत कशाला घेता, आमच्याकडच्या दोन जुन्या नेऊन जावा. फक्त धुऊन परत द्या, तुमच्या नळाला पाणी येईल तेव्हा.