मदत हवी आहे: ठाण्याचे जुने फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडिया जिथून फोटो घेतं तो मुक्त साठा) चढवता येतील का?

मराठी विकिपीडियावरच्या ठाण्याच्या लेखांसाठी हक्कमुक्त फोटो शोधतोय. घरच्या पत्र्याच्या पेटीत मासुंदा तलावाचे अकरा फोटो सापडले. कडा पिवळ्या पडल्यात, मागे स्टुडिओचा पुसट जांभळा शिक्का. नाव लागत नाही. एकावर शाईने '१९५२' लिहिलंय, बाकीच्यांवर तारीखच नाही.

सगळे ६०० डीपीआयला स्कॅन केलेत. गुगल लेन्सवर शोधलं, कॉमन्सवरही पाहिलं, कुठेच नाहीत. फोटो आजोबांनी विकत घेतले होते, काढले नव्हते. म्हणजे प्रिंट आमची असली तरी हक्क आमचा नाही, त्यामुळे 'स्वतःचं काम' असं खोटं लिहायचं नाहीये. कॉमन्सला भारत आणि अमेरिका दोन्हीकडे हक्कमुक्त असावं लागतं, तेही माहीत आहे.

अडलंय ते इथे: १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात निनावी कृतीच्या हक्काची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. हे फोटो कुठे छापलेच गेले नसतील, तर स्टुडिओने गिऱ्हाइकाला प्रिंट विकणं हे प्रकाशन धरतात का? आणि १९५२ च्या फोटोला अमेरिकेसाठी कोणता साचा (हक्कमुक्त का आहे हे सांगणारी तयार पट्टी) लावायचा? असे फोटो कुणी चढवलेत आणि ते टिकलेत का?