मदत हवी आहे : देवाला आधीच ठाऊक, मग निवड माझी कशी?

वेंगुर्ल्यात रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) तयारीची मुलं घेते. परवा एकाने विचारलं, "बाई, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, मग पाप मी निवडलं असं कसं?" त्याचे पप्पा मच्छीमार. मी म्हटलं, पप्पा वारा बघून वादळ ओळखतात, म्हणून वादळ ते आणतात का? तो लगेच म्हणाला, "पण वारा पप्पांनी नाही केला. देवाने केला." मी गप्प झाले. प्रश्न खरा आहे, त्याला खरंच उत्तर मिळायला हवं.

१५२५ मध्ये प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने, इच्छा स्वतंत्र आहे म्हणणाऱ्या कॅथलिक विद्वान इरॅस्मसला उत्तर देताना माणसाची इच्छा पापाच्या बंधनात असल्याचं मांडलं. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने म्हटलं, इच्छा दुबळी झाली, पण नष्ट झाली नाही. देवाची कृपा आधी येते, माणूस तिला होकार किंवा नकार देऊ शकतो. मला हेच पटतं. पण तेरा वर्षांच्या मुलाला कसं सांगू?

शब्दही अडवतात. 'मुक्ती' म्हटलं की आमच्याकडे जन्ममरणाचा फेरा सुटणं डोळ्यांसमोर येतं. 'स्वातंत्र्य' म्हटलं की मुलांना वाटतं, मनाला येईल ते करावं. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात, पाचव्या अध्यायात प्रेषित पौल नेमकं उलट सांगतो : स्वतंत्र झालात, तर प्रेमाने एकमेकांची सेवा करा.

धर्मशिक्षण देणाऱ्यांनी, फादर-सिस्टरांनी कृपया सांगावं : अशा स्वातंत्र्यासाठी मराठीत कोणता शब्द वापरता? आणि त्या वाऱ्याच्या प्रश्नाला काय म्हणाल? येत्या रविवारी तो पुन्हा विचारणार आहे.